शेजारी उभ्या राहणाऱ्या वसुधाताई

वसुधाताई आगाशे यांची आणि माझी पहिली भेट काही चांगली झाली नाही, हे आधीच सांगून टाकते. पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात असं लिहायचं नसतं म्हणे. पण ताईंबद्दल गोडगोड लिहिलं, तर सगळ्यांत आधी त्याच चष्मा पुसतील आणि विचारतील, "सुजाता, हे कुणाबद्दल लिहिलंयस गं?" म्हणून जसं घडलं तसंच लिहिते. संपादकांनी सांभाळून घ्यावं.

माझे यजमान तेव्हा मेजर होते आणि आमची बदली नुकतीच चंडीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीत झाली होती. लष्करातल्या आम्हा बायकांना एक सवय जडते. शाळा असो, बँक असो की दवाखाना, 'मेजर घोरपड्यांची मिसेस' एवढं म्हटलं की पुढचं काम आपोआप होतं. त्याच भरवशावर मी चंडीगडच्या सेक्टर १७ मधल्या प्रशासनाच्या लघुउद्योग मार्गदर्शन कक्षात गेले. एक छोटा व्यवसाय सुरू करायचं मनात होतं आणि त्याला काय काय लागतं ते विचारायचं होतं. टेबलापलीकडे पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या, सुती साडीतल्या एक बाई बसल्या होत्या. माझी हिंदीतली दोन वाक्यं ऐकून त्यांनी सरळ मराठीत विचारलं, "साताऱ्याच्या का?" परमुलखात असं कुणी ओळखलं की कसं वाटतं, ते इथल्या मराठी मंडळींना वेगळं सांगायला नको. मला तर त्यांना मिठीच मारावीशी वाटली. मी म्हटलं, हो, साताऱ्याचीच, मी मेजर घोरपड्यांची मिसेस.

"धंदा ते करणार आहेत का?"

"नाही, मी करणार आहे."

"मग तुमचं नाव सांगा."

नाव सांगितलं, पण माझा चेहरा पडला. सगळी माहिती नीट घेतली, दिलेला चहाही प्यायले. बिनसाखरेचा. ताई स्वतः तसा पितात आणि समोरच्यालाही तोच मिळतो, हे या ग्रंथात आणखी कितीतरी जणांनी लिहिलं असेल. घरी येऊन यजमानांना म्हटलं, एक मराठी बाई भेटल्या, पण भारी खडूस आहेत. यजमान म्हणाले, मग तुमचं जमेल.

आणि जमलं खरं.

ज्यांना ताईंची पूर्वीची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ताई मूळच्या सांगलीच्या. लग्न होऊन चंडीगडला आल्या, कारण आगाशेकाका सेक्टर ३० मधल्या सरकारी प्रयोगशाळेत यंत्रं घडवणारे इंजिनिअर होते. ताईंनी इथल्या उद्योग विभागात साध्या लिपिक म्हणून नोकरी धरली आणि अधिकारी म्हणून निवृत्त झाल्या. काका गेले, मुलगा कॅनडात स्थिरावला. सगळ्यांना वाटलं, आता ताई सांगलीला परत जातील. त्या गेल्या नाहीत. नव्यानं धंदा सुरू करणाऱ्यांना वाट दाखवायला त्याच विभागाच्या मार्गदर्शन कक्षात त्या मानद सल्लागार म्हणून येऊन बसू लागल्या आणि आज पंचाहत्तरीतही बसतात. सांगलीच्या हेलात पंजाबी बोलतात. ते ऐकायला इतकं गोड लागतं की समोरचा सरदार आपली तक्रार विसरून हसायला लागतो.

आता माझ्या व्यवसायाबद्दल. लष्करातला संसार दर दोन-तीन वर्षांनी काळ्या ट्रंकांत आणि लाकडी खोक्यांत भरून निघतो आणि दर खेपेला काहीतरी फुटतं. एका बदलीत आईनं दिलेल्या चिनी मातीच्या बरण्यांचा चुरा हाती आला, तेव्हा मी बसून रडले होते. पुढच्या बदलीला मी जुन्या साड्या आणि चादरी एकावर एक घालून, आमच्याकडे गोधडी शिवतात तशी जाड कापडं शिवली आणि फ्रिजला, टीव्हीला, मिक्सरला मापाचे अंगरखे केले. कपबशांसाठी कप्प्यांची घडी केली. त्या खेपेला साधा कानसुद्धा कुठल्या कपाचा तुटला नाही. शेजारणींनी पाहिलं, मागितलं, त्यांच्या शेजारणींनी मागितलं. छावणीत बदल्या कधी थांबत नाहीत, म्हणजे गिऱ्हाईकही कधी संपत नाही. हाच तो व्यवसाय.

माझ्या मदतीला परमजीत होती. चंडीगडलगतच्या मनीमाजऱ्याची, शिवणात अत्यंत सफाईदार, नवरा ट्रकवर आणि घरात सासूसकट सगळ्यांचं तिलाच बघायचं. पहिल्या दिवशी तिनं मला काम काय, किती तास, असलं काहीच विचारलं नाही. विचारलं ते हे, "मॅडमजी, आपकी पोस्टिंग कब है?" मला गंमत वाटली. पुढे कळलं की माझ्याआधी दोन अफसरांच्या बायकांकडे तिनं असंच काम केलं होतं. एकीचं बुटीक होतं, दुसरीचा उशा-पडद्यांचा व्यवसाय. दोघीही भल्या होत्या, दोघींची बदली झाली आणि दोन्ही वेळा परमजीत दुसऱ्या दिवसापासून घरी बसली.

ताईंची एक पद्धत आहे. त्या आधी अर्ज घेत नाहीत, आधी जागा बघायला येतात. तशा त्या बस पकडून चंडीमंदिरला आमच्या क्वार्टरवर आल्या. गाडी पाठवते म्हटलं तर नको म्हणाल्या. व्हरांड्यात आमची दोन मशिनं, कापडाचे ढीग आणि मधोमध परमजीत. मी अगदी ऐटीत सगळं दाखवलं आणि सांगितलं की नोंदणीत पत्ता हाच घालणार आहे. ताईंनी एक अंगरखा हातात घेऊन टाके पाहिले, परमजीतला शाबासकी दिली आणि मग मला म्हणाल्या की हा पत्ता चालायचा नाही. क्वार्टर सरकारचं, तेही तात्पुरतं. उद्या बदली आली की पत्ता दुसऱ्याचा होणार. मी म्हटलं, त्यात काय, सगळं गोधडीत गुंडाळून पुढच्या गावी घेऊन जाईन, पॅकिंगचंच तर काम आहे आपलं.

ताईंनी परमजीतकडे पाहिलं आणि मला मराठीत विचारलं, "आणि हिला? हिलाही पॅक करणार का?"

मी उगाच कापडाचे ढीग सारखे करू लागले. परमजीतला मराठी कळत नव्हतं, पण विषय तिचाच आहे हे तिला कळलं असावं. तिनं मशीन थांबवलं होतं.

त्या दिवसापासून आमच्या व्यवसायाची दिशा बदलली. ताईंनी समजावून सांगितलं की हा व्यवसाय माझ्यासोबत गावोगाव फिरणारा करायचा की इथं मूळ धरणारा, हे आधी ठरवावं, मग कागद. मी ठरवलं. परमजीत भागीदार झाली. नोंदणी दोघींच्या नावानं करायची आणि पत्ता म्हणून प्रशासनाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या सामायिक शेडमध्ये जागा मागायची. नव्या लहान उद्योगांना तिथं काही काळ जागा देतात, कापण्याचं मोठं टेबल आणि दणकट मशिनं सगळ्यांत मिळून वापरायची. मागणारे पुष्कळ आणि जागा थोडी, म्हणून निवड समितीपुढे जावं लागे.

इथं ताईंशी माझं पहिलं आणि शेवटचं भांडण झालं. विभागातले निम्मे अधिकारी ताईंच्या हाताखाली शिकलेले. एक फोन केला असता तर काम झालं असतं. मी तसं म्हटलं. ताई नाही म्हणाल्या. मी रागानं बोलले, इथं बसून नुसता सल्ला द्यायचा तर मग ओळखीचा उपयोग काय? ताईंचा आवाज जराही चढला नाही. त्या म्हणाल्या, "मी फोन केला तर या खिडकीवर तुझं काम होईल. पुढच्या खिडकीवर मी नसेन. मी तुझ्याबरोबर येईन, शेजारी उभी राहीन. बोलायचं तू."

आणि त्या खरंच आल्या. कर विभागाची खिडकी, बँकेचं टेबल, शेडचं कार्यालय, प्रत्येक ठिकाणी. अंगावर शाल, हातात कापडी पिशवी, माझ्या डाव्या बाजूला उभ्या. खिडकीतल्या माणसानं त्यांना ओळखून नमस्कार केला तर तेवढा स्वीकारायच्या आणि नजरेनं माझ्याकडे खूण करायच्या. मी चुकले, अडखळले, एकदा तर साफ चुकीचाच कागद पुढे केला, तरी त्यांनी ब्र काढला नाही. सुरुवातीला मला त्यांचा इतका राग यायचा! पण दर वेळी एक गोष्ट लक्षात यायची. त्या शेजारी असताना मी निघून येत नसे. दुसऱ्यांदा विचारत असे, तिसऱ्यांदा विचारत असे. काही महिन्यांनी परमजीतनंच मला हळूच सांगितलं की मॅडमजी, आज आपण दोघीच जाऊन आलो, ताईजींना बोलवायचं राहूनच गेलं. ताईंना हे कळवलं तर त्या म्हणाल्या, छान झालं, माझा चहा वाचला.

माझ्या एकटीची ही कथा नाही. मोहालीत आयटी कंपनीत काम करणारा लातूरचा ओंकार तुम्हांपैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. दूध डेऱ्यांसाठी त्यानं एक ॲप बनवलं होतं आणि ताईंपुढे लॅपटॉप उघडून तासभर रंगीत चित्रं दाखवली. ताईंनी शांतपणे सगळं पाहिलं आणि सांगितलं, याचं एक गिऱ्हाईक घेऊन ये. तो पुढच्या आठवड्यात एका गृहस्थांना घेऊन आला. ताईंनी चहा दिला, चौकशी केली, तर ते निघाले ओंकारचे सख्खे मामा, भाच्याकडे चार दिवस राहायला आलेले. ताईंनी मामांना सुखना तलाव बघून यायला सांगितलं आणि ओंकारला परत पाठवलं. शेवटी तो मोहालीजवळच्या खरड गावातल्या एका डेरीवाल्याला घेऊन आला. त्या माणसानं ॲपला इतकी नावं ठेवली, इतकी नावं ठेवली की ओंकारनं ते अर्धं पुन्हा लिहून काढलं. आज तेच चालतंय. ओंकार म्हणतो, यार, ताईंनी मला पैसे मिळवून दिले नाहीत, माझा शहाणपणा तेवढा काढून घेतला.

आता मी त्या दिवसाकडे येते, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

निवड समितीपुढे जायला थोडेच दिवस उरले होते आणि यजमानांचा बदलीचा हुकूम आला. आमच्या अंदाजापेक्षा खूपच आधी. मी परमजीतला सांगितलं. तिनं हातातला टाका पूर्ण केला, दोरा तोडला आणि म्हणाली, ठीक है जी. तिला वाटलं होतं, तिसऱ्यांदाही तेच झालं. शेड मिळालं तर व्यवसाय इथं टिकणार, परमजीत टिकणार, तिनं गोळा केलेल्या मनीमाजऱ्यातल्या बायका टिकणार. नाही मिळालं तर मी माझं सामान गुंडाळून निघणार आणि ती पुन्हा घरी बसणार, सासूचे टोमणे ऐकत.

ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, समितीपुढे परमजीत बोलेल. मी म्हटलं, ताई, ती चार परक्या माणसांसमोर बोलत नाही, ओढणी पुढे ओढून घेते, तिची पाचावर धारण बसेल आणि जागा हातची जाईल. ताई म्हणाल्या, तू जाणार आहेस ना? मग तू बोलून काय उपयोग? हे इतकं खरं होतं की मला त्याचाही राग आला.

समितीत तिघे जण होते. आम्ही दोघी समोर आणि ताई आमच्या मध्ये, जरा मागे उभ्या. त्यांना आत यायची परवानगी होती, बोलायची नव्हती. असती तरी त्या बोलल्या नसत्या म्हणा. अध्यक्षांनी कागद चाळले, अंगरखे उलटसुलट करून पाहिले, त्यांना ते आवडले. मग विचारलं की अर्जातल्या एक बाई लष्करी कुटुंबातल्या दिसतात, त्यांची बदली झाली तर हे युनिट कोण चालवणार? प्रश्न माझ्याकडे बघून विचारला होता. उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, चांगलं पाठ केलेलं. मी तोंड उघडलं तोच ताईंनी मागून माझं मनगट धरलं. घट्ट.

परमजीत जमिनीकडे बघत होती. मला वाटलं, गेलं, सगळं गेलं. अध्यक्ष दुसऱ्या सभासदाकडे बघू लागले. माझ्या मनगटात ताईंची नखं रुतली होती, हे मला तेव्हा कळलं. त्यांनाही भीती वाटत होती. तोवर मी समजत होते की ताईंना भीती म्हणून वाटत नाही.

परमजीतनं मान वर केली. "मॅडमजी तो जाएँगी, सर," ती म्हणाली. "उनका ऑर्डर आ गया है. मैं नहीं जाऊँगी. मेरा घर यहीं है."

बदलीचा हुकूम आल्याचं आम्ही सांगायचं की नाही, यावर आदल्या दिवसापर्यंत माझं डोकं चाललं होतं. तिनं ते एका दमात सांगून टाकलं. मग ती थांबलीच नाही. कापड कुठून येतं, कोणती बाई काय शिवते, कप्प्याची घडी कशी घालायची, ट्रकवाले सामान कसं फेकतात (ते तिला नवऱ्याकडून पक्कं ठाऊक होतं), सगळं सांगितलं. अध्यक्षांनी पुढचे सगळे प्रश्न तिलाच विचारले. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. कुणी माझ्याकडे न पाहिल्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

जागा मिळाली. आमचं सामान निघालं ते परमजीतनं शिवलेल्या अंगरख्यांत, तिनं स्वतः उभं राहून बांधून दिलेलं. निघताना ताई आल्या होत्या. मला रडू आवरेना. ताई म्हणाल्या, रडतेस काय, बरण्या नीट बांधल्यात ना? आणि मग पदरानं स्वतःचेच डोळे पुसले. माझी मुलगी त्यांना 'आजी, आप भी चलो' म्हणाली. इथल्या आपल्या मुलांचं हे असंच, मराठी कळतं आणि उत्तर हिंदीत. ताईंनी तिला मराठीतच सांगितलं, बाळा, मला बदली नसते.

आज मी देवळालीत आहे. शेडमधली मुदत संपल्यावर परमजीतनं स्वतःची जागा घेतली आहे, आणि मला जमाखर्चाबरोबर सल्लेही पाठवते. यंदाच्या हिवाळ्यात तिनं फोनवर जे सांगितलं, ते ताईंना न विचारता इथं लिहिते. ताईंनी खुशाल रागवावं.

ताईंचं चालणं बिघडलं होतं. कुणालाही सांगत नव्हत्या. परमजीतच्या ते नजरेत आलं आणि तिनं त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. आजकालच्या रीतीप्रमाणे त्यांनी म्हाताऱ्या माणसाला सोडून बरोबरच्या बाईला विचारलं, "माताजी को क्या तकलीफ़ है?" परमजीत गप्प. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. परमजीत तशीच उभी, ताईंच्या डाव्या बाजूला, हातात त्यांची कापडी पिशवी घेऊन. ताईंनी तिच्याकडे पाहिलं. तीच सांगेल म्हणून वाट पाहिली. मग त्यांच्या लक्षात आलं.

"बोलो ताईजी," परमजीत म्हणाली. "मैं खड़ी हूँ."

ताई आधी हसल्या, मग सांगू लागल्या. घरात दोनदा पडल्या होत्या. रात्री पाय बधिर होत होते. एकटीनं राहायची भीती वाटायला लागली होती आणि मुलाला कळलं तर तो कॅनडाला घेऊन जाईल, म्हणून कुणालाच सांगितलं नव्हतं. सगळं सांगितलं. डॉक्टरांना या दोघी काय चीज आहेत ते कळेना, पण त्यांनी औषध नीट दिलं. आता ताई पुन्हा चालतात, पुन्हा कक्षात बसतात आणि रात्री त्यांच्याकडे परमजीतची थोरली मुलगी अभ्यासाला म्हणून झोपायला येते. हे 'अभ्यासाला म्हणून' ताईंच्या समाधानासाठी, हे त्यांनाही ठाऊक आहे.

पंचाहत्तरीच्या सत्काराला ताईंनी होकार दिला तो एकाच अटीवर, असं चंडीगडच्या मराठी मंडळाकडून कळलं. त्या स्वतः भाषण करणार नाहीत. मी काय बोलणार, म्हणाल्या. ते कळल्यावर मी परमजीतला फोन केला आणि आम्ही दोघींनी ठरवून टाकलं. मी देवळालीहून येते आहे.

ताई, तुम्हांला उदंड आयुष्य लाभो, तुमचे पाय मजबूत राहोत आणि तुमच्या टेबलाशी नवी माणसं घाबरत घाबरत येत राहोत. आमच्या आयुष्यात तुम्ही आलात, याबद्दल कसे आभार मानायचे ते मला लिहिता येत नाही. पण त्या दिवशी माईक तुमच्यापुढे येईल, तेव्हा मागे वळून आमच्याकडे बघू नका. परमजीत तुमच्या डावीकडे असेल, मी उजवीकडे. आम्ही एक शब्दही बोलणार नाही.

सुजाता घोरपडे
देवळाली